दोन वैद्यकांमधील कर्करोगी : साखरखेर्ड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकास परिचित आहे ते इ. स. १७२४ च्या लढाईमुळे. निजाम-उल्-मुल्काने येथे मुबारिजखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत आसफजाही सत्ता स्थिर झाली. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे गेला, १९०३ मध्ये तो मध्यप्रांतास जोडण्यात आला, १९५६ मध्ये हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. प्रत्येक स्थित्यंतराबरोबर गावाला लागू होणारे कायदे बदलले आणि वैद्यकविषयक कायदेही त्यास अपवाद नव्हते. या कायद्यांचा इतिहास कर्करोगाच्या संदर्भात तपासला असता एक प्रश्न उभा राहतो. रुग्णालयाचा उपचार आणि वैद्याचे औषध एकाच देहात एकत्र येतात, तेव्हा त्या दोहोंचा हिशेब कोणी ठेवावयाचा?

आयुर्वेदास गाठींचे रोग अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेत ग्रंथी आणि अर्बुद यांचे पृथक वर्णन असून शस्त्र, क्षार व अग्निकर्म हे उपाय सांगितले आहेत. अर्बुदाचा अंश शिल्लक राहिल्यास ते पुन्हा वाढते, हेही त्या ग्रंथकाराने ओळखले होते, आणि काही प्रकारांस त्याने स्पष्टपणे असाध्य म्हटले आहे. आजच्या कर्करोगाशी अर्बुदाचे समीकरण सरसकट मांडणे योग्य नव्हे. तथापि प्राचीन शास्त्रकाराने आपल्या उपायांची मर्यादा सांगितली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सर्व रोग समूळ बरे करण्याचा दावा हा शास्त्राचा नव्हे, बाजाराचा वारसा होय.

आधुनिक उपचाराची संस्थात्मक परंपरा या प्रदेशात उशिरा आली. मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. नागपुरास पुढे राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय उभे राहिले. याच काळात देशी वैद्यकासही राजमान्यता मिळत होती. वैद्य व हकीम यांच्या नोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९३८ मध्ये झाला. मध्यप्रांत-वऱ्हाडचा स्वतंत्र कायदा १९४७ चा होता. महाराष्ट्राच्या १९६१ च्या कायद्याने राज्यातील ही व्यवस्था एकसूत्री केली. या कायद्यांनी चिकित्सकाची नोंद केली, रुग्ण एकाच वेळी कोणकोणती औषधे घेतो याची नोंद मात्र त्यांच्या कक्षेबाहेर राहिली.

शासनाचे लक्ष पुढे जाहिरातीकडे व औषधनिर्मितीकडे वळले. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने ज्या रोगांवरील उपायांच्या जाहिरातीस बंदी केली, त्यांत कर्करोगाचा समावेश आहे. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक व युनानी औषधांसाठी औषध कायद्यात स्वतंत्र प्रकरण आले, आणि नियमांच्या परिशिष्टात विषारी द्रव्यांची यादी जोडली गेली. वऱ्हाडात घरोघर ठाऊक असलेला बिब्बा, म्हणजे शास्त्रातील भल्लातक, त्या यादीत आहे. त्यात पारद आणि हरताळही आहेत. परंतु पुडीत बांधून दिलेल्या औषधास ना वेष्टन असते ना सूचना. कायद्याचे हात तेथवर पोहोचत नाहीत.

‘झाडपाल्याचे औषध अपाय करीत नाही’ ही समजूत या संदर्भात विशेष तपासली पाहिजे. सह्याद्रीत नरक्या नावाचे एक दुर्गंधी झाड आढळते. त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असल्याचे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या द्रव्यापासून सिद्ध केलेले इरिनोटेकान हे आतड्याच्या कर्करोगावरील प्रस्थापित औषध आहे. सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन रक्ताच्या कर्करोगात वापरले जाते. म्हणजे रुग्णालयातील तीव्र औषधांपैकी काहींचे मूळ वनस्पतीतच आहे, फरक आहे तो शुद्धता, मात्रा आणि परीक्षा यांचा. वनस्पतीची शक्ती एकदा मान्य केली की तिची बाधाही मान्य करावी लागते. सेंट जॉन्स वर्ट या युरोपीय वनस्पतीमुळे इरिनोटेकानच्या क्रियाशील अंशाचे रक्तातील प्रमाण ४२ टक्क्यांनी घटते, असे २००२ मध्ये दाखवून देण्यात आले. येथे वनौषधीने विषबाधा केली नाही. तिने औषधाचे बळ हरण केले, आणि रुग्णास ते जाणवण्याचे कारणच नव्हते.

यकृताची हानी हा दुसरा धोका. २०२१ मध्ये मुंबईच्या चिकित्सकांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. या निष्कर्षास आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. हा वाद आयुर्वेद खरा की खोटा असा नव्हता. कोणती वनस्पती, किती काळ, कोणत्या रुग्णास दिली, हे त्यात कळीचे प्रश्न होते आणि त्यांची उत्तरे नोंदीवाचून मिळत नाहीत. अनेक कर्करोगविरोधी औषधांचा निचरा यकृतामार्फतच होतो, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते.

याहून मोठा धोका विलंबाचा आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बऱ्या होण्याजोग्या कर्करोगात केवळ पर्यायी उपचार पत्करणाऱ्यांचा मृत्यूचा धोका प्रस्थापित उपचार घेणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट आढळला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, दोन्ही उपचार घेणाऱ्यांतही धोका दुप्पट दिसला. पण त्याचे कारण मुख्यतः शस्त्रक्रिया, किरणोपचार वा औषधोपचार यांतील काही भाग नाकारणे हे होते. उलट योगासने, श्वसन व विश्रांती यांसारखे पूरक उपाय पोटात काही न घेता थकवा व चिंता कमी करू शकतात. पूरक आणि पर्यायी या दोन शब्दांतील भेद केवळ शाब्दिक नाही.

साखरखेर्ड्याचा रुग्ण या इतिहासाच्या शेवटी उभा आहे. त्याला उपचारासाठी मोठे शहर गाठावे लागते. दोन फेऱ्यांमधील काळ, जो पुष्कळदा तीन आठवड्यांचा असतो, तो गावी घालवतो. रक्तातील पांढऱ्या पेशी याच काळात घटतात, आणि आप्तांनी आणलेले काढे, भस्मे व पुड्या याच काळात घेतल्या जातात. डॉक्टर रागावतील म्हणून तो तेथे मौन बाळगतो. वैद्यापुढे रुग्णालयाच्या औषधांची नावे त्याला सांगता येत नाहीत.

गेल्या शतकाने चिकित्सकाची नोंद केली, औषधाची केली, जाहिरातीवर बंधन घातले. राहिली ती रुग्णाच्या हातातील एका कागदावरची नोंद, ज्यावर दोन्हीकडील औषधे, मात्रा आणि तारखा असतील आणि जो दोघांनाही दाखविला जाईल. त्यासाठी नव्या कायद्यापेक्षा अधिक कठीण अशी एक गोष्ट लागते. रुग्णाने सांगितल्यावर त्याचा उपहास होणार नाही, ही खात्री त्याला वाटली पाहिजे. दोन वैद्यकांतील तात्त्विक वाद मिटेपर्यंत थांबण्यास त्याला अवधी नाही.