बाण कोणी काढायचे?

‘सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे’ हे वाक्य आपण वर्गात नेहमी सांगतो. मग कारणांविषयी बोलायचे तरी कसे, हे मात्र सहसा सांगत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्यात गिनीपिगांवर काम करणाऱ्या स्यूअल राइट यांच्यापुढे हाच पेच होता. त्यांच्या अंगावर पांढरा रंग कमीअधिक का असतो? राइट यांनी कारणाकडून परिणामाकडे बाण काढले व प्रत्येक बाणाला एक अंक दिला. एका वाटेवरील अंकांचा गुणाकार करायचा आणि सर्व वाटांची बेरीज घ्यायची. ती मोजलेल्या सहसंबंधाशी जुळली पाहिजे. समजा, ०.६ व ०.५ हे बाण एकापुढे एक आहेत; तर दोन टोकांमधील सहसंबंध ०.३. १९२० साली उत्तर निघाले: मुक्त संकराच्या कळपात रंगातील तफावतीचा सुमारे ४२ टक्के भाग आनुवंशिक, पिढ्यान्‌पिढ्या भाऊ-बहिणींच्या संकरातून आलेल्या कळपात जेमतेम ३. तिथे जनुके जवळजवळ सारखीच, मग फरक कुठून येणार?

१९२२ मध्ये हेन्री नाइल्स यांनी हल्ला चढवला: अशी साधी आकृती आधीच मांडता येते, हे गृहीतच चूक. पुढच्याच वर्षी राइट यांनी उत्तर दिले की, ही रीत सहसंबंधातून कारणे काढून देत नाही. ठाऊक असलेल्या कारणांची सहसंबंधांशी सांगड घालते. आम्हाला हे उत्तर पुरेसे वाटते.

१९७० च्या दशकात स्वीडनच्या कार्ल यॉरेस्कॉग यांनी या बाणांना घटक-विश्लेषणाची आणि संगणकाची जोड दिली. तीच आजची संरचनात्मक समीकरणे. वरच्या साखळीतील दोन्ही बाण उलटे फिरवून पाहा. उत्तर पुन्हा ०.३ येते, आणि संगणक काहीच तक्रार करत नाही.