तळटीप १४ : लेहमधली न शिजलेली डाळ

१४. लेखिकेने इथे डाळीला बोल लावला आहे, पण दोष हवेच्या दाबाचा. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथला दाब मुंबईच्या जेमतेम दोन-तृतीयांश, म्हणून पाणी ८८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. उकळी फुटल्यावर जाळ कितीही वाढवा, पाणी त्याहून तापत नाही. जादा उष्णता वाफेबरोबर निघून जाते. वर खळखळ दिसते आणि दाणा बोटांत चिरडला तर आत कणी लागते. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो, पाणी ११० अंशांपलीकडे जाते. ही विलक्षण युक्ती फ्रेंच संशोधक देनी पापँ याची, १६७९ सालची. लेहमध्येही कुकरच वापरावा, फक्त शिजायला थोडा जास्त वेळ द्यावा. – संपादक