ई-सिगारेट आणि परदेशी विमानप्रवास : नियम काय सांगतात?

दुबईत किंवा लंडनमध्ये दुकानात राजरोस विकत मिळणारी ई-सिगारेट मुंबई विमानतळावर उतरताच निषिद्ध वस्तू ठरते. तीच वस्तू खिशात ठेवून सिंगापूरला उतरलेल्या प्रवाशाला दंड भरावा लागतो, तर ऑस्ट्रेलियात ठराविक मर्यादेपर्यंत ती सोबत नेता येते. देशोदेशीच्या नियमांतील ही तफावत ठाऊक नसल्यामुळे नोकरी, शिक्षण किंवा पर्यटनासाठी परदेशी जाणारे अनेक जण अडचणीत येऊ शकतात. त्यातही सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे, विमान कंपनीने परवानगी दिली की पुढे काही अडचण नाही. वास्तविक येथे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. ई-सिगारेट विमानात कोठे ठेवायची, हा सुरक्षेचा प्रश्न; आणि ज्या देशात जायचे तेथे ती चालते का, हा कायद्याचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर जगभर जवळपास सारखे आहे, दुसऱ्याचे मात्र प्रत्येक सीमेवर बदलते.

उपकरण काय आहे?

चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये आजच्या ई-सिगारेटचा आराखडा तयार केला. बॅटरी, तापणारी तार आणि द्रवाची कुपी किंवा पॉड हे तिचे मुख्य भाग. झुरका घेतला किंवा बटण दाबले की तार तापते, द्रवाचे बाष्पासारखे सूक्ष्म तुषार होतात आणि ते फुप्फुसात ओढले जातात. द्रवात बहुधा निकोटिन व स्वाद मिसळलेले असतात. यालाच बोलीभाषेत ‘व्हेप’ म्हणतात. प्रवासाच्या दृष्टीने यातील दोन घटक महत्त्वाचे : लिथियम-आयन बॅटरी आणि द्रव.

भारतातील बंदी

भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घालण्यात आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने त्याचे कायद्यात रूपांतर केले. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात या सर्वांना या कायद्याने मनाई आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. साठवणुकीबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

प्रवाशांनी यातील आयात, निर्यात आणि वाहतूक हे तीन शब्द विशेष लक्षात ठेवावेत. घरातून विमानतळापर्यंत, विमानतळावरून परदेशात आणि परदेशातून पुन्हा घरी, असा प्रवासाचा प्रत्येक टप्पा या तीन शब्दांच्या कक्षेत येतो. ‘स्वतःच्या वापरासाठी एकच आहे’ अशी सवलत कायद्यात नाही. ई-सिगारेट ओढणे हा वेगळा गुन्हा म्हणून कायद्यात नमूद नसल्याने ती जवळ बाळगायला हरकत नाही, असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. मात्र कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात ई-सिगारेट बाळगणे हे कायद्याचे उल्लंघन ठरते, अशी भूमिका केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केली आहे.

कायद्यातील व्याख्याही व्यापक आहे. निकोटिन नसलेले, केवळ स्वादाचे व्हेप, ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता तापवणारी ‘आयकॉस’सारखी उपकरणे हे सारे तिच्यात मोडते. भारतीय विमान कंपन्यांच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीतही ई-सिगारेटचा समावेश असून हातातील सामान आणि चेक-इन सामान अशा दोन्ही ठिकाणी तिला मनाई आहे. म्हणजेच मुंबई, पुणे, नागपूर किंवा गोव्यातून निघणाऱ्या प्रवाशासाठी हा प्रश्न घराच्या उंबरठ्यावरच संपतो. पुढील नियम उपयोगी पडतात ते परदेशात राहणाऱ्या आणि तेथून तिसऱ्या देशात जाणाऱ्या मराठी मंडळींना.

चेक-इन सामानात का नको?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे ‘आयकाओ’ने, जून २०१५ मध्ये ई-सिगारेट चेक-इन सामानात ठेवण्यास आणि विमानात ती चार्ज करण्यास मनाई केली. त्यामागे प्रत्यक्ष घडलेल्या घटना होत्या. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील बोस्टनच्या लोगन विमानतळावर एका विमानाच्या सामानकक्षातील बॅगेला ई-सिगारेटमुळे आग लागली आणि प्रवाशांना विमानातून उतरवावे लागले. जानेवारी २०१५ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावर चेक-इन केलेल्या बॅगेत असाच प्रकार घडला.

लिथियम-आयन बॅटरीत आतल्या आत शॉर्टसर्किट झाले किंवा उपकरणाचे बटण दाबले जाऊन तार तापत राहिली, तर बॅटरीतील उष्णता स्वतःहून वाढत जाते. सामानकक्षातील अग्निशमन यंत्रणा हेलॉन वायू सोडून ज्वाळा विझवू शकते. परंतु बॅटरीच्या आत सुरू झालेली ही प्रक्रिया थांबवू शकत नाही. तेथे कोणाला पोहोचताही येत नाही. याउलट प्रवासी कक्षात धूर दिसला तर कर्मचारी तात्काळ आग विझवून, भरपूर पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. म्हणूनच धोकादायक वाटणारी वस्तू प्रवाशाच्या नजरेसमोर ठेवण्याचा, वरकरणी उलटा वाटणारा, हा नियम आहे.

ज्या देशांत ई-सिगारेट कायदेशीर आहे, तेथील प्रवाशांनी पुढील बाबी पाळाव्यात :

– उपकरण आणि सुटे बॅटरी-सेल केवळ हातातील सामानात किंवा खिशात ठेवावेत. सुट्या सेलची टोके चिकटपट्टीने झाकावीत किंवा प्रत्येक सेल वेगळ्या डबीत ठेवावा. नाणी, किल्ल्यांसोबत ठेवलेला सेल शॉर्टसर्किट होऊ शकतो.

– बॅटरीची मर्यादा १०० वॉट-अवर आहे. व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार केला की हा आकडा मिळतो. ३.७ व्होल्ट आणि ३,००० मिलिअँपिअर-अवरचा सेल ११.१ वॉट-अवरचा होतो. नेहमीची उपकरणे त्यामुळे मर्यादेच्या बरीच आत असतात.

– उपकरण पूर्ण बंद करावे. बॅटरी काढता येत असल्यास वेगळी ठेवावी.

– विमानात जागा नसल्याने केबिन बॅग ऐनवेळी दारातून सामानकक्षात पाठवली जात असेल, तर ई-सिगारेट व सुट्या बॅटऱ्या आधी बाहेर काढून घ्याव्यात. घाईत नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

– द्रवाला इतर द्रवपदार्थांचाच नियम लागू होतो : प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंत आणि सर्व बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. काही विमानतळांनी नव्या तपासणी यंत्रांमुळे यात सवलत दिली असली, तरी परतीच्या विमानतळावर ती मिळेलच असे नाही. उंचीवर प्रवासी कक्षातील हवेचा दाब कमी होत असल्याने भरलेल्या पॉडमधून द्रव गळतो, हेही ध्यानात ठेवावे.

दक्षिण कोरियाने याहून एक पाऊल पुढे टाकले आहे. जानेवारी २०२५ मध्ये बुसानच्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचे विमान आगीत जळाल्यानंतर, मार्च २०२५ पासून पॉवर बँक आणि ई-सिगारेट डोक्यावरील सामानाच्या कप्प्यात ठेवण्यास तेथे मनाई करण्यात आली. त्या प्रवाशाने स्वतःजवळच ठेवायच्या असतात.

विमानात ओढता येते का?

नाही. धूर नाही, केवळ वाफ आहे, हा बचाव चालत नाही. अमेरिकेने मार्च २०१६ मध्ये नियम करून विमानातील धूम्रपानबंदीत ई-सिगारेटचा स्पष्ट समावेश केला आणि इतर देशांतील विमान कंपन्याही हाच नियम पाळतात. स्वच्छतागृहातील धूरसूचक यंत्र या तुषारांमुळेही वाजू शकते.

हा नियम वैमानिकांनाही लागू आहे आणि तो मोडल्यास काय होते, याचे उदाहरण १० जुलै २०१८ रोजी पाहायला मिळाले. हाँगकाँगहून दालियानला निघालेल्या एअर चायनाच्या विमानात सहवैमानिक कॉकपिटमध्ये ई-सिगारेट ओढत होता. वाफ प्रवासी कक्षात जाऊ नये म्हणून हवा फिरवणारा पंखा बंद करताना त्याने चुकून वातानुकूलन यंत्रणाच बंद केली. कक्षातील दाब घटला, प्राणवायूचे मुखवटे खाली आले आणि सुमारे ३५ हजार फुटांवरील विमान १० हजार फुटांवर आणावे लागले. विमानात १५३ प्रवासी होते.

देशोदेशीचे कायदे

मराठी पर्यटक आणि विद्यार्थी ज्या देशांत मोठ्या संख्येने जातात, त्यांतील काहींची स्थिती अशी :

*सिंगापूर* – १ फेब्रुवारी २०१८ पासून ई-सिगारेट विकत घेणे, वापरणे आणि बाळगणे, तिन्ही गुन्हे आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून कारवाई अधिक कडक झाली असून प्रौढ व्यक्तीला पहिल्या गुन्ह्यासाठी ७०० सिंगापूर डॉलर दंड होतो. एटोमिडेट हे भूल देण्याचे औषध मिसळलेले व्हेप सापडू लागल्याने त्याची गणना अमली पदार्थांत करण्यात आली आहे. वारंवार गुन्हा करणाऱ्या परदेशी व्यक्तीला देशाबाहेर काढून पुन्हा प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

*थायलंड* – २०१४ पासून आयातीवर बंदी असून दोष सिद्ध झाल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. बँकॉकच्या बाजारांत व्हेप उघडपणे विकले जाताना दिसले, तरी त्यावरून ते कायदेशीर आहेत असे समजू नये. जानेवारी २०२३ मध्ये व्हेप सापडल्याच्या कारणावरून बँकॉकच्या पोलिसांनी तैवानच्या एका अभिनेत्रीकडून २७ हजार बात उकळल्याचे प्रकरण गाजले होते. बेकायदा वस्तू खिशात असलेला पर्यटक तक्रार करायलाही कचरतो, हा त्यातला धडा.

*मालदीव* – १५ नोव्हेंबर २०२४ पासून आयातीवर आणि १५ डिसेंबर २०२४ पासून वापर, विक्री व बाळगण्यावर बंदी. पर्यटकांनाही सूट नाही.

*हाँगकाँग* – ३० एप्रिल २०२२ पासून आयातीवर बंदी. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्तीनुसार सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यावरील बंदीसाठी ३० एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली.

*व्हिएतनाम* – १ जानेवारी २०२५ पासून बंदी.

*संयुक्त अरब अमिराती* – २०१९ पासून ठरवून दिलेल्या मानकांनुसार विक्रीस परवानगी. मात्र साध्या सिगारेटप्रमाणे सार्वजनिक ठिकाणच्या वापरावर निर्बंध आहेत.

*ब्रिटन* – प्रौढांसाठी कायदेशीर; परंतु एकदा वापरून टाकून द्यायच्या व्हेपच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून बंदी.

*ऑस्ट्रेलिया* – प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी दोन उपकरणे, २० पॉड वा तत्सम सुटे भाग आणि २०० मिलिलिटर द्रव नेता येतो.

हे कायदे झपाट्याने बदलत आहेत. त्यामुळे मागील सहलीचा अनुभव किंवा नातेवाइकांचा सल्ला यावर विसंबून न राहता, निघण्यापूर्वी त्या देशाच्या सीमाशुल्क विभागाचे आणि विमान कंपनीचे संकेतस्थळ पाहणे इष्ट.

मधला थांबा

दोन विमानांच्या मधल्या थांब्याचाही विचार करावा लागतो. विमानतळाबाहेर न पडता पुढचे विमान पकडणाऱ्यांना काही ठिकाणी सूट मिळते. हाँगकाँगच्या आयातबंदीत तशी तरतूद आहे. परंतु विमान चुकले, रात्र हॉटेलात काढावी लागली किंवा दोन स्वतंत्र तिकिटे असल्याने सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागले, तर प्रवासी त्या देशात प्रवेश करतो आणि तेथील कायदा लागू होतो. वाटेत बंदी असलेला देश असेल, तर ई-सिगारेट न नेणेच हिताचे.

परतीच्या प्रवासात

सर्वाधिक फसगत येथे होते. परदेशी विमानतळावरील दुकानदार प्रवाशाला वस्तू विकतो. तो ज्या देशात निघाला आहे तेथील कायदा सांगण्याची जबाबदारी दुकानदार घेत नाही. भारतात परतताना साध्या सिगारेटी ठराविक संख्येपर्यंत शुल्काशिवाय आणता येतात. ई-सिगारेटसाठी मात्र अशी कोणतीही मर्यादा नाही, कारण तिच्या आयातीलाच बंदी आहे. शुल्क भरून ती सोडवून घेता येईल, अशी समजूत चुकीची आहे. निषिद्ध वस्तू घेऊन ग्रीन चॅनेलमधून बाहेर पडणे म्हणजे जप्तीबरोबरच सीमाशुल्क कायद्यान्वये कारवाई ओढवून घेणे होय.

परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनीही याकडे लक्ष द्यायला हवे. ब्रिटनमध्ये कायदेशीररीत्या घेतलेले व्हेप सुट्टीत घरी येताना बॅगेत तसेच राहते. कोणी मित्राने दिलेली ‘छोटी भेट’ पोहोचवण्यासाठी घेतली, तरी बॅग ज्याची, जबाबदारी त्याची. सिगारेट, तंबाखूची सवय पाहता मुलांना हे विचारणे अवघड वाटते. परंतु विमानतळावरील चौकशीला सामोरे जाण्यापेक्षा घरातला प्रश्न बरा.

पर्याय

लांबच्या प्रवासात निकोटिनची तलफ अनावर होणाऱ्यांसाठी निकोटिनचे च्युइंगगम आणि त्वचेवर लावायच्या पट्ट्या उपलब्ध आहेत. औषध म्हणून परवाना असलेली अशी उत्पादने भारतातील ई-सिगारेटबंदीच्या कक्षेबाहेर आहेत. सिंगापूरमध्ये च्युइंगगमवरच निर्बंध असल्याने तेथे जाणाऱ्यांनी पट्टीचा पर्याय निवडावा. कोणतेही उत्पादन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि चिठ्ठी सोबत ठेवावी.

सारांश, भारतातून निघताना ई-सिगारेट सोबत घेऊ नये आणि भारतात परतताना ती आणू नये. परदेशातल्या परदेशात प्रवास करायचा असेल, तर ती हातातील सामानात, बंद करून आणि वाटेतील प्रत्येक देशाचा कायदा तपासूनच न्यावी. यांपैकी एका देशाबाबत जरी शंका असली, तरी उपकरण मागे ठेवून निघणे श्रेयस्कर.