तळटीप : 'लॉग मागवण्याची चाचणी'

* कंटेनरमधला प्रोग्राम जे काही छापतो ते 'लॉग' म्हणून बाहेर साठवले जाते आणि कंटेनर चालवणाऱ्या पॉडमॅन या साधनाची 'पॉडमॅन लॉग्ज' ही आज्ञा ते परत दाखवते. साठवण कुठे करायची हे लॉग ड्रायव्हर ठरवतो. पॉडमॅनमध्ये 'के८एस-फाइल' हा ड्रायव्हर साध्या फाइलीत लिहितो, तर 'जर्नलडी' नोंदी लिनक्सच्या सिस्टमडी जर्नलकडे सोपवतो. फाइलीतल्या प्रत्येक ओळीत आधी वेळ, मग प्रवाहाचे नाव (स्टडआउट वा स्टडएरर), मग ओळ पूर्ण असल्यास 'एफ' व अपुरी असल्यास 'पी' हे अक्षर आणि शेवटी मजकूर असतो.

पॉडमॅनच्या सिस्टम चाचण्या 'बॅट्स' या शेल-चौकटीत लिहिलेल्या आहेत. कंटेनरला ठरलेला मजकूर छापायला लावायचा, लॉग मागवायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे, अशी त्यांची रीत. 'टेल' पर्यायाला २ दिले तर शेवटच्या २ ओळीच यायला हव्यात; 'सिन्स' पर्यायाने दिलेल्या वेळेआधीची नोंद येता कामा नये.

खरी अडचण जर्नलची. तिथे नोंद उमटायला क्षणभर उशीर होऊ शकतो, त्यामुळे घाईने वाचणारी चाचणी निर्दोष प्रोग्रामलाही नापास करते. म्हणून ठरावीक सेकंद थांबण्यापेक्षा अपेक्षित ओळ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचावे. मात्र त्याला कमाल मुदत असावी. कंटेनर कोसळल्यावर कारण शोधायला बहुधा लॉगच हाती उरतो. म्हणून वाचकांनी ही चाचणी दुय्यम मानू नये. — संपादक