वल्हांडणाचा पेला

श्रोतेहो, एकादशीला काय चालतें आणि काय चालत नाहीं, हा प्रश्न आपल्या घराघरांतून निघतो. कोंकणांतील बेने इस्राएलांच्या घरीं वल्हांडण सणाला असाच प्रश्न पेयांविषयीं निघत आला आहे. हे मराठी बोलणारे यहुदी. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं ते बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

मिसर देशाच्या दास्यांतून पूर्वज घाईनें निघाले, कणीक आंबण्यास उसंत मिळाली नाहीं. या स्मरणार्थ वल्हांडणांत आंबवलेलें धान्य वर्ज्य असतें. परंतु सणाच्या रात्रीं द्राक्षासवाचे चार पेले घ्यावयाचे, आणि आसव तर आंबवूनच होतें! मग तें कसें चालतें? कारण निषेध आंबण्याचा नाहीं. गहूं, जव आदि पांच धान्यें पाण्यानें आंबण्याचा आहे. म्हणून जवाची बीअर आणि धान्याची व्हिस्की वर्ज्य, द्राक्षासव ग्राह्य. मात्र तें यहुदी विधीप्रमाणें सिद्ध झालेलें हवें.

असें आसव कोंकणच्या खेड्यांत कोठून मिळणार? बेने इस्राएलांनीं साधा उपाय योजिला. काळ्या मनुका धुवून पाण्यांत भिजवावयाच्या, कुसकरून गाळावयाच्या आणि त्या सरबतावर आशीर्वाद म्हणावयाचा. मनुका म्हणजे वाळलेलें द्राक्षच. तेव्हां शास्त्रही राहिलें आणि सणही झाला.

या सणाचें त्यांचें जुनें नांव 'अनाशी ढाकायचा सण' असें होतें. अनस म्हणजे आंबट कालवणाचें मातीचें भांडें; सणांत तें झांकून ठेवीत. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं आपल्या समाजाच्या इतिहासांत ही आठवण नोंदविली. तो ग्रंथ १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला. धर्मग्रंथ आणि गुरु दूर असतां एका झांकलेल्या मडक्यानें सणाची आठवण जपली, हें विसरतां येत नाहीं.

पुढें त्या रात्रीं वाचावयाची कथा, म्हणजे हग्गादा, मराठींत आली. १८४६ सालीं मुंबईंत आणि १८७४ सालीं पुण्यांत ती हिब्रूसह छापली गेली. आम्हां रिद्धपूरकरांस याचें मर्म सहज कळतें. म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत लीळाचरित्र सिद्ध केलें तेंही याच बोलींत, सर्वांस कळावें म्हणून.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलांत गेले. तेथें द्राक्षासवाला तोटा नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं तें नव्हतें, त्यांनीं मूठभर मनुकांवर आशीर्वाद म्हटला. सण टिकतो तो साधनांच्या विपुलतेनें नव्हे. आहे त्या साधनांतून नियम पाळण्याच्या निष्ठेनें.