आधी कोणी मोडायचं?

“इंजिन बोंबलता, पण होडी हलना नाय.” सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठी पर्यटकांना फिरवणाऱ्या होडीवाल्याची ही तक्रार ऐकून मला वाटलं, आता इंजिन उघडणार. मेकॅनिकने त्याला हात लावला नाही. पंखा फडक्याने कोरडा केला, खिशातून पांढरा मार्कर काढला आणि शाफ्टवरच्या नटापासून पंख्याच्या हबपर्यंत एक सरळ रेघ ओढली. “एक फेरी मारून ये. जोरात.” होडी परत आली तेव्हा रेघेचे दोन तुकडे झाले होते. नटावरचा तुकडा बारावर होता, हबवरचा चारवर. “रबर सुटला,” एवढं बोलून तो पाना शोधायला लागला.

हब म्हणजे आपल्या बैलगाडीच्या चाकाचा तुंबा. आरे जिथे रोवतात आणि आस जिथून जातो, ती जागा. होडीच्या पंख्याच्या तुंब्यात रबर कशाला, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. उत्तर शोधताना मात्र दोनशे वर्षांची मोडतोड हाती लागली.

शब्दकोशाला विचाराल तर प्रोपेलर हे मळसूत्र. आर्किमिडीजच्या पाणी उपसणाऱ्या मळसूत्राचंच हे नात्यातलं. तिथे मळसूत्र जागेवर फिरतं आणि पाणी वर चढतं; इथे ते पाणी मागे लोटतं आणि नाव पुढे जाते. १८२९ साली ट्रिएस्टच्या बंदरात योसेफ रेसेल या ऑस्ट्रियन वनाधिकाऱ्याने ‘चिवेत्ता’ नावाची बोट अशी चालवून दाखवली. थोडं अंतर गेल्यावर वाफेची नळी फुटली आणि पोलिसांनी पुढचे प्रयोग बंद पाडले. दोष नळीचा, शिक्षा पंख्याला! त्याच सुमारास मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये सुवेझला गेली, ती दोन्ही कुशींना लावलेली वल्हेरी चाकं फिरवत. तेव्हा आगबोट म्हटली की चाकं, हे ठरलेलंच होतं.

चाकांना धक्का दिला तो एका शेतकऱ्याने. फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला. लहानपणापासून त्याला खेळण्यातल्या होड्या बनवायचा नाद. ३१ मे १८३६ रोजी त्याने आपल्या मळसूत्राचं पेटंट घेतलं. दीड महिन्याच्या आत जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनिअरनेही लंडनमध्येच वेगळ्या घडणीच्या मळसूत्राचं पेटंट घेतलं. पण माझं मन रमतं ते स्मिथपाशी. त्याच्या सहा टनी बोटीला लाकडाचं, पुरते दोन वेढे असलेलं लांबलचक मळसूत्र होतं. जितके वेढे जास्त तितकी पाण्यावर पकड जास्त, असा साधा हिशेब. १८३७ मध्ये लंडनजवळच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना हे मळसूत्र मधेच मोडलं आणि अर्धं पाण्यात गेलं. बोट थांबायला हवी होती, ती जास्तच जोरात पळायला लागली.

पाणी काही लाकूड नव्हे. लाकडात स्क्रू पिळला की प्रत्येक वेढा धरून ठेवतो. पाण्यात पहिल्या वेढ्याने ढवळलेलं पाणीच पुढच्याच्या वाट्याला येतं, आणि तो नुसता घासत राहतो. स्मिथने धडा घेतला आणि एकाच वेढ्याचं मळसूत्र केलं. पुढे ते आखूड होत होत दोन, तीन, चार सुट्या पात्यांचं झालं. आपल्या किनाऱ्यावर कोणी मळसूत्र म्हणत नाही, सगळे पंखा म्हणतात. कोशकारांनी पूर्वजाचं नाव धरून ठेवलं, दर्यावर्दींनी समोर दिसणाऱ्या वस्तूचं दिलं. माझं मत दर्यावर्दींच्या बाजूने.

स्मिथच्या ‘आर्किमिडीज’ या जहाजावर १८४० मध्ये ब्रुनेल या इंग्रज इंजिनिअरने प्रयोग केले आणि आपल्या ‘ग्रेट ब्रिटन’ या जहाजाचा आराखडाच बदलला. चाकं रद्द, सहा पात्यांचा लोखंडी पंखा मंजूर. अटलांटिकच्या फेऱ्यांमध्ये त्याचीही पाती तुटून पडली. मग चार पात्यांचा भक्कम ओतीव पंखा आला. ३ एप्रिल १८४५ रोजी ब्रिटिश आरमाराने पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ शेपटीला शेपटी बांधून रस्सीखेच लावली. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला पावणेतीन नॉटच्या आसपास वेगाने उलटं ओढत नेलं. गोष्ट रंगतदार आहे, पण आरमाराने तोवर पंख्याच्या बोटींचा निर्णय घेऊन टाकला होता. रस्सीखेच म्हणजे नुसती वरात.

पुढचं दुखणं वेगाचं. इंजिनिअर चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ या बोटीचं टर्बाइन इतकं वेगाने फिरे की पात्यांच्या पाठीशी दाब कमी होऊन पाण्याची वाफ व्हायची, आणि पंखा पाण्याऐवजी बुडबुडे घुसळायचा. पार्सन्सने काचेची खिडकी असलेल्या टाकीत हे बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. मग एका मोठ्या पंख्याच्या जागी तीन शाफ्टवर मिळून नऊ लहान पंखे बसवले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या आरमारी संचलनात ही बोट बिनबोलावता घुसली. तिचा वेग ३४ नॉटच्या घरात होता, तिला गाठणं कोणाला जमलं नाही.

एवढं होईतो पंखा कसा असावा हे कळलं होतं. तो आदळला तर काय, हे राहिलं होतं. मोठ्या जहाजाखाली खोल पाणी असतं. १९०९ च्या सुमारास ओले एव्हिनरूडने अमेरिकेत बोटीच्या पाठीला अडकवायचं सुटं इंजिन विकायला काढलं आणि पंखे उथळ पाण्यात शिरले. खडक, ओंडके, वाळूचे दांडे. पातं आदळलं की धक्का शाफ्टवरून थेट गिअरमध्ये. म्हणून पंखा आणि शाफ्ट यांच्यातून एक मऊ धातूची पिन आरपार घालायचे. आदळलं की आधी पिन तुटायची, गिअर वाचायचे. नावाडी चार जादा पिना जवळ बाळगायचा आणि भर पाण्यात ओणवा होऊन बदलायचा.

पिनेची जागा पुढे रबराने घेतली. आत शाफ्टच्या खाचांवर बसणारी पितळी नळी, तिच्याभोवती दाबून बसवलेलं रबर, बाहेर तुंबा. गिअर पडताना बसणारा हिसका रबर पिऊन टाकतं आणि जबर आदळलं तर घसरतं. हल्लीच्या कित्येक पंख्यांत रबराऐवजी बदलता येणारी प्लास्टिकची बाही असते. मच्छीमार ट्रॉलरच्या पंख्यात यातलं काही नसतं. तिथे शाफ्टच्या निमुळत्या टोकावर पंखा, खाचेत चावी आणि वर नट.

रबर एकदा घसरलं की त्याची पकड गेली. हळू चालवताना कळत नाही, भार पडला की इंजिन किंचाळतं. होडी तेवढीच रांगते. पण नुसत्या किंचाळण्यावरून रबराला दोष देऊ नका. वळणावर किंवा इंजिन फार वर उचललेलं असताना पंखा वरची हवा ओढतो तेव्हाही आवाज असाच चढतो, मात्र थ्रॉटल कमी केला की पकड परत येते. होडी थरथरत असेल तर पातं वाकलेलं असेल. हे सगळं ओळखायला रेघेइतकी स्वस्त परीक्षा नाही.

खाडीवरच्या त्या मेकॅनिकने पंखा उतरवला तेव्हा रबराखेरीज आणखी एक गोष्ट निघाली. आतल्या वॉशरच्या मागे मासे धरायचा तंगूस, कसून गुंडाळलेला, काचेसारखा कडक. त्याने नखाने उकलून दाखवला. हाच तंगूस शाफ्टचं सील कापतो, पाणी गिअरच्या तेलात जातं आणि तेल दुधाळ होतं. त्याने तेलाचा स्क्रू किंचित सैल करून थेंब बोटावर घेतला. तेल स्वच्छ होतं. होडीवाल्याचा चेहरा त्या थेंबाने उजळला. रबर परवडतं, गिअर परवडत नाही.

पावसाळ्यात होडी वर ओढली की तुम्हीही पंखा एकदा उतरवा. तंगूस काढा, शाफ्टच्या खाचांना पाण्यात न धुपणारं ग्रीस लावा, गंज आपल्या अंगावर घेणारा जस्ताचा तुकडा अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर बदला. आणि नट आवळून झाल्यावर जुनीच स्प्लिट पिन सरळ करून परत घालू नका, नवी घाला.