खोलीचा भाव कोण ठरवतो? दक्षिणेपासून ऑनलाइन बोलीपर्यंत



नांदे गावात बोलायला या, विषय तुम्हीच सांगा, असा फोन आला तेव्हा आम्ही म्हटलं, हॉटेलच्या खोलीच्या भावावर बोलू. पलीकडे थोडा वेळ काही आवाजच नाही. इतिहासाच्या माणसाने गडकिल्ल्यांवर बोलावं, फार तर मुळशी सत्याग्रहावर. हॉटेलच्या खोल्या हा काय विषय झाला? (हशा)

पण विषय तुमच्या दारातला आहे. इथून एका अंगाला हिंजवडी, दुसऱ्या अंगाला पौडवरून पुढे मुळशी धरण आणि ताम्हिणी. तालुका एकच. हिंजवडीच्या हॉटेलांत सोमवार ते गुरुवार कंपन्यांची माणसं उतरलेली असतात आणि शुक्रवारी संध्याकाळी ती घरोघरी जातात. धरणाकडच्या रिसॉर्टांत नेमकं तेव्हाच पुण्या-मुंबईचे लोक पोचायला लागतात. म्हणजे शनिवारी इकडे भाव पडतो आणि तिकडे चढतो, मंगळवारी त्याच्या उलट. गहुंज्याला मॅच असली की हे सगळं गणितच मोडतं. 2023 च्या विश्वचषकाचे पाच सामने तिथे झाले, तेव्हा ज्यांना त्या दिवसांत केवळ नातेवाइकाच्या लग्नासाठी खोली हवी होती, त्यांना विचारा.

खोली तीच, पलंग तोच, गरम पाण्याची बोंब तीच. मग भाव कोण ठरवतं?

आपल्याकडे फार काळ हा प्रश्न विचारलाच गेला नाही, कारण मुक्कामाला भाव नव्हता. वाटसरू देवळात उतरे, चावडीवर पथारी टाकी, ओळखीच्या घरी जाई. तीर्थक्षेत्री क्षेत्रोपाध्याय असत. त्यांच्या वहीत तुमच्या आजोबा-पणजोबांची नावं असत, त्यांच्याच घरी उतरायचं, जेवायचं. निघताना पैशांचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: यथाशक्ती दक्षिणा द्या. म्हणजे बघा, गिऱ्हाइकाने आपला भाव आपण सांगायचा! ही युक्ती अमेरिकेत 1998 साली निघाली असं लोक समजतात. अर्थात 'यथाशक्ती' म्हणताना समोरच्याची नजर तुमच्या पागोट्यापासून जोड्यांपर्यंत फिरून आलेली असे, आणि शक्ती कमी पडली तर चेहऱ्यावर दिसेही. भाव मोकळा सांगा असं म्हणणारा प्रत्येक जण मनात एक आकडा धरून असतो, एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

दुसरी सोय धर्मशाळेची. ती बहुधा दानातून बांधलेली, त्यामुळे नाममात्र पैशांत किंवा फुकट. पण 'सर्वांसाठी' या शब्दाचा अर्थ तेव्हा सर्वांसाठी असा नव्हता. अमुक ज्ञातीची धर्मशाळा, तमुक समाजाची धर्मशाळा, अशा पाट्या होत्या. आणि ज्यांना अस्पृश्य म्हटलं जाई त्यांना कुठलीच नव्हती. पंढरीला पायी यायचं आणि पाऊस लागला तर वाळवंटातच भिजायचं. खिशात पैसे असले तरी भाव सांगायलाच कुणी तयार नाही, ही त्यांची अडचण. गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली ती या लोकांसाठी. स्वतः हातात खराटा, अंगावर चिंध्या, आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून इमारती. त्यांतली एक खोलीही त्यांनी स्वतःच्या नावावर ठेवली नाही. ती चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही चालते. टाटा हॉस्पिटलात उपचार घेणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. महिना-महिना राहावं लागतं हो. केमोच्या दोन डोसांच्या मधे माणूस नगरला किंवा नांदेडला परत जाऊ शकत नाही. अशा माणसाला खोलीचा भाव मॅचच्या दिवशी चढला काय आणि सोमवारी उतरला काय, दोन्ही परवडत नाही.

आता सरकार. इथे आम्हाला एक गंमत सापडली आणि त्यासाठीच खरं तर हा विषय घेतला.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईत जागेची इतकी टंचाई झाली की घरभाड्यांबरोबर हॉटेलांचे दरही सरकारने हातात घेतले. 1944 साली त्यासाठी कायदा झाला आणि 1947 साली त्याच्या जागी मोठा कायदा आला. त्याच्या मराठी नावाचा अर्थ साधारण असा: मुंबई भाडी, हॉटेल आणि लॉजिंग हाऊस दर नियंत्रण अधिनियम. आपण त्याला नुसता 'भाडे कायदा' म्हणत आलो. पागडी, भाडेकरू, मालक, कोर्टातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तारखा, हे सगळं याच कायद्याखालचं. पण नावातला मधला भाग कुणी वाचत नाही. हॉटेलच्या खोलीचा वाजवी दर ठरवण्यासाठी कंट्रोलर नेमण्याची तरतूद त्यात होती. म्हणजे खोलीचा भाव मालकाने नाही, गिऱ्हाइकानेही नाही, तर सरकारी अधिकाऱ्याने सांगायचा. कल्पना वाईट नव्हती. गावाहून हायकोर्टाच्या कामाला आलेल्या माणसाला अडवून लुबाडलं जाऊ नये, एवढाच तिचा हेतू.

हा कायदा गेला 2000 साली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि जुना रद्द झाला. नव्या कायद्याच्या नावात 'हॉटेल' हा शब्द नाही. त्यावर कुठे आरडाओरड झाल्याचं आम्हाला तरी आठवत नाही. आणि त्याच 2000 साली मेकमायट्रिप ही कंपनी सुरू झाली. तिचा पहिला धंदा अमेरिकेतल्या भारतीयांना मायदेशाची विमानतिकिटं विकण्याचा होता, हॉटेलं नंतर आली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी व्हाव्यात हा योगायोग आहे, त्यातून आम्ही काही सिद्ध करत नाही. पण कंट्रोलरची खुर्ची हलवली आणि त्या जागी कोण येऊन बसलं, हे पाहायला वर्ष सोयीचं आहे.

अमेरिकेत प्राइसलाइन दोन वर्षं आधी, एप्रिल 1998 मध्ये सुरू झाली होती. जे वॉकर हा तिचा संस्थापक. 'तुमचा भाव तुम्ही सांगा' या पद्धतीवर त्याने चक्क पेटंट घेतलं. (हशा) क्षेत्रोपाध्यायांना कुणी विचारलं नाही. आधी विमानतिकिटं, मग त्याच वर्षी हॉटेलच्या खोल्या. पद्धत अशी. तुम्ही शहर निवडायचं, शहराचा भाग निवडायचा, किती तारे ते सांगायचं, तारखा द्यायच्या आणि आकडा टाकायचा. क्रेडिट कार्डाचा नंबर आधीच द्यायचा. एखाद्या हॉटेलला तो आकडा पटला की पैसे त्याच क्षणी कापले जात, आणि मग कळे की हॉटेल कोणतं. रद्द करता येत नसे, बदलता येत नसे. आकडा नाही पटला तर तीच बोली पुन्हा लावायला चोवीस तास थांबायचं.

हॉटेलवाले याला तयार का झाले? कारण आजची रिकामी खोली उद्या विकता येत नाही. हर्णे बंदरात होड्या लागल्या की मासळीचा लिलाव घाईने उरकतात तो याच कारणाने. मंडईत संध्याकाळी मेथीच्या जुड्या कशा जातात ते तुम्ही पाहताच. पण मेथीवालीला भाव उतरवताना आजूबाजूच्या सगळ्यांना तो ऐकू जातो, आणि सकाळी दुप्पट पैसे देऊन गेलेलं गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. हॉटेलला तेच नको होतं. समजा खोलीचा जाहीर भाव 120 डॉलर. 55 ला द्यायची तर आहे, पण 120 देणाऱ्याला कळता कामा नये. म्हणून नाव झाकायचं.

आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, करपल्लवी. जनावरांच्या बाजारात दोन माणसं उपरण्याखाली हात घालून उभी राहतात, एक दुसऱ्याची बोटं धरतो. किती बोटं धरली त्यावर आकडा. शेकडा की हजार ते तोंडाने, आकडा मात्र हातांतच. भोवती वीस माणसं उभी असतात आणि कुणाला काही कळत नाही. धान्याच्या, कांद्याच्या बाजारात या झाकल्या सौद्यांनी शेतकऱ्याचं नुकसान होई. दलालाचं आणि व्यापाऱ्याचं आपसात काय ठरलं हे माल ज्याचा त्यालाच कळत नसे. महाराष्ट्राचा 1963 चा बाजार समित्यांचा कायदा आला, बाजार समितीत उघड लिलाव व्हायला लागला, त्यामागे हे कारण होतं. प्राइसलाइनने उपरणं पुन्हा अंथरलं. फरक एवढाच की आता उपरण्याखाली दोन नाही, तीन हात होते. तिसरा कंपनीचा, आणि दोघांचेही आकडे फक्त तिला माहीत.

लोकही काही कमी नव्हते. कुठल्या शहरात, कुठल्या भागात, किती बोलीला कोणतं हॉटेल मिळालं, ही माहिती ते एकमेकांना सांगायला लागले. चोवीस तासांच्या अटीलाही त्यांनी पळवाट शोधली. शहराचा असा एखादा भाग बोलीत वाढवायचा की जिथे त्या दर्जाचं हॉटेलच नाही. बोली बदलली म्हणून लगेच पुन्हा लावता येई, आणि नको त्या भागात खोली मिळण्याची भीतीही नसे. अमेरिकेतल्या मराठी घरांत हे कौशल्य रात्री जेवणं झाल्यावर चाले. भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी आले की नायगारा ठरलेला. मुलगा लॅपटॉप घेऊन बसायचा, सून म्हणायची पाच डॉलर वाढव, वडील म्हणायचे कशाला वाढवतोस, थांब जरा. भाजी घेतानाचा आवाज अगदी.

आम्ही स्वतः अशाच एका साइटवरून (नाव सांगत नाही) भाच्याकडून खोली घेतली होती. माणसं पाच. निम्म्या किमतीत मिळाली म्हणून सगळे खूश. रात्री अकराला पोचलो तर खोलीत पलंग एकच, मोठा, पण एकच. काउंटरवरची मुलगी नम्रपणे म्हणाली, तुमची खोली दोन माणसांची आहे, अटी वाचल्या नाहीत का? तिचं खरं होतं. आम्ही भाव वाचला होता.

ही बोलीपद्धत पुढे ओसरली. विमानांसाठी ती 2016 साली बंद झाली, हॉटेलांसाठी त्यानंतर काही वर्षांत. त्याच कंपनीने 2005 साली विकत घेतलेली बुकिंग डॉट कॉम तोपर्यंत इतकी मोठी झाली होती की 2018 मध्ये मूळ कंपनीनेच तिचं नाव लावलं. लोकांना बोली लावण्याची झिगझिग नको होती, समोर आकडा दिसायला हवा होता. आता आकडा दिसतो, पण तो तासातासाला बदलतो.

आपल्या देशात बोलीपेक्षा सवलतीचा खेळ जास्त चालला. जाहीर भाव 4000, त्यावर काट, खाली 1799. त्या जाहीर भावावर विश्वास किती ठेवायचा याचं उत्तर करखात्याने नकळत दिलं. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा खोलीवरचा कर जाहीर भाव पाहून ठरे. म्हणजे 1799 देणारा 4000 च्या दराने कर भरायचा. जुलै 2018 मध्ये नियम बदलला आणि प्रत्यक्ष घेतलेल्या पैशांवर कराचा दर ठरू लागला.

मग ऑक्टोबर 2022. भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबीबोला 223.48 कोटी आणि ओयोला 168.88 कोटी रुपयांचा दंड केला. आयोगाच्या आदेशातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. हॉटेलांशी केलेल्या करारांत अशी अट होती की आमच्या साइटवर जो भाव आहे त्यापेक्षा कमी भावाने तुम्ही दुसरीकडे खोली विकायची नाही, तुमच्या स्वतःच्या साइटवरसुद्धा नाही. आयोगाने या अटी बदलायला सांगितलं. प्रकरण अपिलात गेलं. पण मालकालाच आपल्या खोलीचा भाव उतरवता येत नाही, ही अवस्था कंट्रोलरच्या काळाला शोभणारी आहे. तो निदान सरकारी नोकर होता, त्याच्याविरुद्ध दाद मागायला माणूस कचेरीत जाऊ शकत होता. आमचं मत विचाराल तर 1947 चा कायदा परत आणावा असं आम्ही म्हणणार नाही. त्या कायद्याने घरांचं काय झालं ते गिरगाव-लालबागच्या चाळींत दिसतं. पण हॉस्पिटलांच्या आणि परीक्षा केंद्रांच्या आसपासच्या खोल्यांचे भाव गर्दी बघून चढावेत, हेही आम्हाला मान्य नाही. पोरीला परीक्षेला घेऊन आलेली आई बालेवाडीत सहलीला आलेली नसते.

मागून कुणीतरी विचारतंय, की मग आता घासाघीस करायची कशी? चांगला प्रश्न. साइटवर भाव बघा, पण त्यानंतर हॉटेलला थेट फोन करा. फोनवर भाव नाही उतरला तर नाश्ता मिळतो, उशिरा खोली सोडायची मुभा मिळते, कारण साइटचं कमिशन वाचलेलं असतं. मुंबईच्या पाहुण्यांना शनिवार-रविवारी उतरवायचं असेल तर धरणाकडे न बघता हिंजवडीत विचारा. कुठे मॅच, कुठे स्पर्धा, ते आधी पाहा. 'पैसे परत नाहीत' ही ओळ असेल तिथे घरात कुणी आजारी नसेल तरच बोट लावा. आणि खोलीत पलंग किती, माणसं किती, हे तोंडाने विचारून घ्या. आम्ही त्या रात्री तिघे जण गालिच्यावर झोपलो होतो, आणि भाच्याचे वडील पहाटेपर्यंत म्हणत होते, पण निम्म्यात मिळाली की नाही?